बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन : एक विस्मृत दगडी ठेवा

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या व दात्यांच्या सहकार्याने पूर्णत्वास जात आहे, त्या निमित्ताने निघणाऱ्या या स्मरणिकेत परिसराच्या इतिहासावर एखादा लेख असावा अशी सूचना समितीने केली. मंदिराचा व यात्रेचा इतिहास आमच्याहून जाणते ग्रामस्थ लिहीत आहेत. म्हणून प्रस्तुत लेखकाने, जो तालुका कचेरीत कारकुनी करणारा एक साधा माणूस आहे, समोरच्या घाटातील एका वास्तूचा विषय घेतला आहे. ही वास्तू देवाची नाही, साहेबाच्या आगगाडीची आहे. मग तिचा या स्मरणिकेशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध दगडाचा आहे. गेल्या वर्षी देवळाचे जुने जोते उकलावे की ठेवावे यावर समितीच्या बैठकीत जो वाद झाला, तो सर्वांच्या लक्षात असेलच. काहींचे म्हणणे असे की काळे दगड काढून वर चकचकीत ग्रॅनाइट बसवावे. काहींचे म्हणणे, पूर्वजांनी घडविलेला चिरा हलवू नये. अखेर जोते राहिले व दरजा पुन्हा भरून घेतल्या. त्या वादात एका तरुण सभासदाने विचारले होते की, या दगडांत असे काय आहे? त्या प्रश्नाचे उत्तर बैठकीत नीट देता आले नाही, म्हणून ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

बोरघाट हा काही इंग्रजांनी शोधून काढलेला नाही. कोकणातील बंदरांतून देशावर जाणारा हा मार्ग दोन हजार वर्षांपूर्वीही वाहता होता. घाट चढून गेल्यावर कार्ल्याचे लेणे आहे, ते अशा वाहत्या वाटेवरील व्यापाऱ्यांच्या व भाविकांच्या देणग्यांतून कोरले गेले. तेथील लेखांत देणगीदारांची नावे आहेत. कोणी श्रेष्ठी, कोणी भिक्षू, तर कोणी यवन. आणि दरवाजाचे काम करणारा धेनुकाकट गावचा सामी नावाचा एक सुतारही आहे, त्याच्या बापाच्या नावासकट. वर्गणीदारांच्या यादीत आपले नाव बरोबर छापले आहे की नाही हे पाहणाऱ्या वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की ही हौस आपल्या मुलखात फार जुनी आहे. सुताराचे नाव दोन हजार वर्षे टिकले ते दगडामुळे.

पेशवाईत पुण्याहून कोकणात येणारी वर्दळ याच घाटाने होई. खोपोलीस नाना फडणविसांनी बांधलेले महादेवाचे देऊळ व मोठा तलाव आजही आहे, तो वाटसरूंच्या सोयीचाच होता. इंग्रजी अमलात सन १८३० साली गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत घाटात गाडीरस्ता झाला. त्यानंतर आगगाडी आली. मुंबई ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली हे शाळेतल्या मुलासही ठाऊक असते. पुढचे टप्पे मात्र फारसे कोणाला माहीत नसतात. १८५४ च्या मे महिन्यात गाडी कल्याणास आली, १२ मे १८५६ रोजी खोपोलीस पोचली, आणि तेथे घाटाच्या पायथ्याशी येऊन थांबली. वरच्या अंगाला खंडाळा ते पुणे हा लोहमार्ग १४ जून १८५८ रोजी सुरू झाला. म्हणजे खाली गाडी, वर गाडी, आणि मध्ये उभा सह्याद्री. ही मधली पाच वर्षे मुंबईचा उतारू खोपोलीस उतरे, पालखीत, तट्टावर अथवा बैलगाडीत बसून घाट चढे आणि खंडाळ्यास दुसऱ्या गाडीत बसे. ज्यांच्यापाशी पैसे नसत ते अर्थात पायी चढत.

हा लोहमार्ग बांधणाऱ्या कंपनीचे नाव ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, लोकांच्या तोंडी जी.आय.पी. तिचे मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले. घाट कसा चढावा याचा त्यांनी व त्यांच्या हाताखालच्या लोकांनी कित्येक वर्षे विचार केला, अनेक वाटा मोजून पाहिल्या. अडचण अशी की लोखंडी रुळावरचे लोखंडी चाक फार चढ सोसत नाही. बैल खूर रोवून चढेल, चाक घसरते. म्हणून चढ जितका सौम्य ठेवावा तितकी वाट लांबवावी लागते. डोंगराच्या कुशीकुशीने नागमोडी जावे तर वळणालाही मर्यादा असते, कारण आगगाडी बैलगाडीसारखी जागच्या जागी वळत नाही. सह्याद्रीची ही धार तर अशी की एका सोंडेवरून मार्ग चढत गेला की सोंड संपते, पुढे थेट दरी, आणि वळून मागे यायला जागाच नाही.

यावर जी युक्ती योजली तीच रिव्हर्सिंग स्टेशन. ती समजावून सांगणे सोपे आहे. स्वयंपाकघरातला चिमटा डोळ्यापुढे आणावा. चिमट्याच्या दोन पट्ट्या एका टोकास जुळलेल्या असतात. गाडी खालच्या पट्टीने चढत चढत त्या जुळलेल्या टोकापर्यंत येते व थांबते. तेथे इंजिन सुटून दुसऱ्या टोकास जाऊन लागते. मग गाडी उलट्या दिशेने, वरच्या पट्टीने चढू लागते. जो डबा आतापर्यंत शेवटचा होता तो पहिला होतो. अशा रीतीने गाडीला वळण न देता दिशा बदलता येते, आणि जेथे कडा सर्वांत उभा आहे नेमका तेथेच मार्ग वरच्या पातळीस नेता येतो. पायथ्यापासून अकरा मैलांहून थोडे पुढे, खंडाळ्याच्या खालच्या अंगास, डोंगराच्या एका अरुंद सोंडेवर हे स्टेशन बांधले गेले. नंतर थळघाटातही अशीच योजना झाली, पण आधीचा मान बोरघाटाचा.

आता सबंध कामाचे आकडे देतो. सरकारी दप्तरात आयुष्य गेलेल्या माणसाला आकड्यांचा मोह आवरत नाही, तरी वाचकांनी क्षमा करावी. घाटमार्गाची लांबी १५ मैल ६८ साखळ्या, म्हणजे जवळजवळ सोळा मैल. चढाई १,८३१ फूट. सर्वांत तीव्र चढ ३७ फुटांस एक फूट. बोगदे २५. मोठे दगडी कमानीपूल ८, लहान पूल २२. खर्च सुमारे ११ लाख पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने एक कोटी दहा लाख रुपये. दिवसाला काही आणे मजुरी मिळवणाऱ्याला ही रक्कम कशी वाटली असेल याची कल्पनाच करावी. आणि हे पैसे कोठून आले? कंपनी विलायतची, भागीदार विलायतचे. पण त्यांना शेकडा पाच टक्के व्याजाची हमी हिंदुस्थान सरकारने दिली होती व जमीन फुकट दिली होती. तोटा आला तर तो येथील वसुलातून भरून निघे. वसूल म्हणजे मुख्यतः शेतसारा. आपल्या देवळाची वर्गणी आपण राजीखुषीने दिली, पावती घेतली. घाटातल्या या कामाला आपल्या पणजोबांच्या पणजोबांनी न विचारता वर्गणी दिली, त्याची पावती कोणाच्याच घरी नाही.

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. पहिला मक्तेदार विल्यम फेव्हियल. पावसाळ्याचे चार महिने घाटात काम बंदच, उरलेल्या आठ महिन्यांत जे होईल ते. कडा इतका ताठ की पुष्कळ ठिकाणी सुरुंगाची भोके पाडण्यासाठी माणसे दोरांना बांधून वरून खाली सोडावी लागत. आणि सुरुंग तरी कसले? डायनामाइटचा शोध लागला १८६७ साली, म्हणजे घाट पुरा झाल्यावर चार वर्षांनी. येथे सगळे काम साध्या बंदुकीच्या दारूवर झाले. पहार आणि घण घेऊन काळ्या पाषाणात हाताने भोक पाडायचे, दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचे. पंचवीस बोगदे असे झाले आहेत. आज गाडीतून जाताना बोगद्यात पोरे आरडाओरडा करतात त्याबद्दल तक्रार नाही, आम्हीही करीत होतो. पण एकदा तरी त्या भिंतीवरच्या घावांकडे पाहावे.

मजूर कोण होते? वडार, पाथरवट, कामाठी, घाटावरून दुष्काळामुळे अथवा कर्जामुळे खाली उतरलेले शेतकरी आणि शेतमजूर. बायका व पोरेही पाट्या वाहत होती. १८५६ साली दहा हजार, १८५७ साली वीस हजार, आणि जानेवारी १८६१ मध्ये बेचाळीस हजार माणसे घाटात एका वेळी काम करीत होती. आपल्या यात्रेला जमणाऱ्या गर्दीशी तुलना करून पाहा. एवढी माणसे, त्यांना प्यायला ओढ्यानाल्यांचे पाणी, राहायला पाचोळ्याच्या झोपड्या. पटकीच्या साथी आल्या. ताप आला. सुरुंगांनी व दरडींनी जी माणसे गेली त्याहून कितीतरी अधिक रोगांनी गेली. हजारोंनी गेली. मागे राहिलेल्यांनी पुन्हा पाटी उचलली, कारण घरी जाऊन खायला नव्हते.

मजुरी थकू लागली तेव्हा याच लोकांनी हातही उचलला हे इतिहासात नमूद आहे. १८५९ च्या जानेवारीत घाटात मजुरीवरून मोठा दंगा झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये फेव्हियलने मक्ता सोडला. पुढे सन १८६० चा ९ वा कायदा झाला, ज्यात रेल्वे, कालवे वगैरे कामांवरील मालक-मजुरांचे तंटे मॅजिस्ट्रेटने तडकाफडकी निकालात काढावेत अशी तजवीज केली. हा कायदा होण्यास बोरघाटातील दंगा हे एक कारण होते. त्याच कायद्यात मक्त्याचे काम अर्धवट सोडणाऱ्या मजुरास शिक्षेचीही तरतूद होती. म्हणजे एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने घेतले. कचेरीच्या कामाशी संबंध असल्याने या गोष्टीचे आम्हांस विशेष वाटते, बाकीच्यांना कंटाळा आला असल्यास पुढे चलावे.

फेव्हियलनंतर काही काळ कंपनीनेच काम चालविले. मग १८५९ च्या अखेरीस सॉलोमन ट्रेडवेल नावाचा मक्तेदार विलायतेहून आला व हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने मक्ता सोडला नाही. अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोन इंजिनिअरांना कारभारी नेमून तिने तो शेवटास नेला. सन १८६० साली, जेव्हा आपल्याकडे बाईमाणसाने सहीचा अंगठाही क्वचित उठविला असेल, तेव्हा एका विधवा बाईच्या नावावर बेचाळीस हजार माणसांचे काम चालले होते. महिला मंडळाच्या सभासदांनी या गोष्टीची नोंद घ्यावी. बर्कलेसाहेबांना मात्र आपले काम पुरे झालेले पाहता आले नाही. प्रकृती ढासळून ते विलायतेस परत गेले व ऑगस्ट १८६२ मध्ये वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला.

आता वास्तूकडे वळू. मुंबईचे व्हिक्टोरिया टर्मिनस, ज्यास आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात, ते १८७८ ते १८८८ या दहा वर्षांत उभे राहिले. २००४ साली त्याचे नाव जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे घुमट आहे, नक्षी आहे, सिंह-वाघ आहेत. आमचे घाटातले स्टेशन त्याच्याआधी पंधरा-वीस वर्षांचे, व्हिक्टोरिया राणीच्याच राज्यातले, परंतु त्यात यांपैकी काही नाही. तेथे शोभेला जागाच नव्हती. दोन्ही बाजूंस दरी, मध्ये गाडी उभी राहील इतकी सपाटी, आणि तीही निम्मी बांधून काढलेली. त्याचे सौंदर्य असलेच तर ते भार कसा पेलला आहे यात आहे. आमच्या मते वास्तुकलेचा खरा अर्थ तोच, पण याबाबत मतभेद असू शकतो.

काळा पाषाण ज्याने घडविला आहे त्यालाच त्याचा स्वभाव कळतो. तो दाबाला वाटेल तितका सोसतो, ताणाला सोसत नाही. म्हणून दगडाने अंतर ओलांडायचे तर कमान करावी लागते, कारण कमानीत प्रत्येक दगड शेजाऱ्याला रेटतो आणि सगळे मिळून भार दोन्ही बाजूंच्या पायांत उतरवितात. कमान बांधताना खाली लाकडाचा ढोला उभारतात, त्यावर दोन्ही अंगांनी चिरे चढवीत आणतात, आणि शेवटी माथ्यावर मधला कळीचा दगड ठोकतात. तो बसला की ढोला काढला तरी कमान उभी राहते. आपल्या देवळाच्या सभामंडपाच्या जुन्या दाराची कमान अशीच आहे. फरक इतकाच की ती आठ फुटांची, आणि घाटातल्या मोठ्या पुलांच्या कमानी पन्नास फुटी. तत्त्व एक, हात एक, टाकी एक. नकाशा इंग्रज इंजिनिअरांनी काढला, पण दगड घडविणारा पाथरवट देवळाच्या पायऱ्या घडवून आलेलाच होता. दुसरा कोठून येणार?

चुन्याबद्दलही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण जीर्णोद्धारात हा प्रश्न आला होता. त्या काळी बांधकाम सिमेंटने होत नसे. चुनखडी भट्टीत भाजून, कळी विरवून, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळून चुना करीत. हा चुना हळूहळू कित्येक महिने धरतो, आणि धरल्यावरही किंचित लवचीक राहतो. आगगाडीचा हादरा बसला तर भिंत कोठेतरी बारीक हलते आणि पुन्हा बसते. ओल आली तर चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट कडक असते, ओल कोंडून ठेवते, मग दगडाच्या कडा उलू लागतात. म्हणूनच आपल्या जोत्याच्या दरजा सिमेंटने न भरता चुन्याने भरून घेण्याचा आग्रह मिस्त्रींनी धरला होता. खर्च थोडा वाढला. हिशेबतपासनीसांनी विचारणा केली होती, त्यांना हेच उत्तर आहे.

पण नुसता चुना आणि दगड असून भागत नाही हेही बोरघाटच शिकवितो. घाटातला महूकी मल्ली नावाचा मोठा कमानीपूल १९ जुलै १८६७ रोजी ऐन पावसाळ्यात कोसळला. घाट सुरू होऊन जेमतेम चार वर्षे झाली होती. पुढे जी.आय.पी.च्या इतर पुलांचीही तपासणी झाली आणि निकृष्ट बांधकामामुळे कित्येक पूल पुन्हा बांधावे लागले. घाईचे काम आणि मक्त्याचे काम याचा हा परिणाम. अशा कामात बाहेरून तोंडाचा घडीव दगड ठीक दिसतो, आत डबर कसे भरले आहे ते पाऊस सांगतो. हजार वर्षांची हेमाडपंती देवळे चुन्यावाचून उभी आहेत आणि चुन्याचा पूल चार वर्षांत गेला, हे कोणत्याही बांधकाम समितीने भिंतीवर लिहून ठेवण्याजोगे आहे.

रिव्हर्सिंग स्टेशनवरही संकटे आली. जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणाऱ्या एका मेल गाडीचा ताबा सुटला व ती स्टेशनच्या टोकाशी जाऊन आपटली. माणसे दगावली. चिमट्याचे टोक दरीकडे असल्यामुळे ही भीती नेहमीचीच होती. म्हणूनच घाट उतरताना गाडी धरून ठेवण्यासाठी मुख्य मार्गाला फाटे काढून ते वर चढते ठेवलेले असतात. गाडी आवरत नसेल तर ती आपोआप त्या चढत्या फाट्यावर जाते आणि तिचा वेग तेथेच मरतो. ही पद्धत घाटात अजूनही आहे. चढताना कर्जतहून मागे इंजिने लागतात, ती ढकलीत वर नेतात, हे तर आपण रोज पाहतो. त्याच थांब्यामुळे कर्जतचा वडा प्रसिद्ध झाला, पण तो विषय वेगळा.

साठ-पासष्ट वर्षे प्रत्येक गाडी या स्टेशनावर थांबली, इंजिन बदलले, उलटी होऊन गेली. आमचे आजोबा त्यांच्या वडिलांच्या आठवणी सांगत. पणजोबा रेल्वेच्या गँगमध्ये होते. त्यांच्या सांगण्याप्रमाणे पावसाळ्यात धुके असे दाटे की कंदील हातभरावर दिसत नसे, आणि इंजिन सुटून दुसऱ्या टोकास जाईपर्यंत डब्यांतली माणसे देवाचे नाव घेत बसत. पुढे गाड्या लांबल्या, जड झाल्या. अरुंद सोंडेवर त्या मावेनात. वेळही फार मोडे. तेव्हा नवे बोगदे पाडून मार्ग सरळ करण्यात आला. विजेची इंजिने आली, आणि १९२९ साली रिव्हर्सिंग स्टेशन कायमचे बंद झाले. दुसऱ्याच वर्षी, १ जून १९३० रोजी, दख्खनची राणी सुरू झाली. घाटात उलटे फिरण्याची कटकट गेली नसती तर अशी वेगवान गाडी कशी धावली असती? एक स्टेशन मेले म्हणून एक राणी आली असे म्हणावयास हरकत नाही.

बंद पडलेल्या वास्तूचे जे होते तेच याही वास्तूचे झाले. रूळ उचलले गेले. करवंद आणि घाणेरी माजली. जुन्या रेल्वेवाटेचे व दगडी बांधकामाचे अवशेष खंडाळ्याच्या अंगास शिल्लक आहेत. २००२ साली पुरा झालेला द्रुतगती मार्ग जवळून जातो, त्यावरून दिवसाला हजारो मोटारी जातात आणि वर कोणी बघत नाही. या जुन्या स्टेशनाच्या परिसरातील दगडी पूल, ज्याला जाहिरातीच्या फलकावरून लोक अमृतांजन पूल म्हणू लागले होते, त्याचे खांब रहदारीला अडथळा होतात, अपघात होतात म्हणून तो ५ एप्रिल २०२० रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला. टाळेबंदीमुळे रस्ता मोकळा होता, ती वेळ साधली गेली. अपघात होत होते हे खरे, जीव दगडापेक्षा मोठा हेही खरे. परंतु पाडण्याआधी पुलाचा एकेक चिरा मोजून, नंबर घालून बाजूला उभा करता आला असता की नाही, हा प्रश्न राहतो. आपल्या देवळाच्या गाभाऱ्याचे दगड आपण तसे नंबर घालून उतरविले आणि पुन्हा जसेच्या तसे बसविले. एका गावाला जे जमले ते मोठ्यांना जमू नये असे नाही.

घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे हे सांगावयास नको. खोपोली-खंडाळा रस्त्याने जाणारा ड्रायव्हर तेथे नाणे टाकल्याशिवाय पुढे जात नाही. त्याची दंतकथा अशी की साहेबाला घाटातून वाट सापडेना, तेव्हा गुरे-मेंढरे राखणाऱ्या शिंग्रोबा धनगराने ती दाखविली. साहेब खूष होऊन म्हणाला, काय हवे ते माग. शिंग्रोबा म्हणाला, आमचा देश आम्हांला परत द्या. त्यावर साहेबाने त्याला गोळी घातली. ही कथा कोणी रस्त्याची सांगतात, कोणी आगगाडीची. कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे मोजणी केली होती, तेव्हा एका माणसाने एका दिवसात वाट दाखविली हे जसेच्या तसे घेता येणार नाही. पण मोजणी करणारा साहेब साखळी घेऊन रानात शिरला तेव्हा त्याच्यापुढे कोयता घेऊन कोणीतरी चालत होता, कोणत्या कड्याखाली पाणी आहे व कोणती सोंड कोठे तुटते हे सांगत होता, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. बर्कले, फेव्हियल, ट्रेडवेल यांची नावे कागदोपत्री आहेत. त्या पुढे चालणाऱ्याचे नाव कागदावर नाही, म्हणून लोकांनी त्याला शेंदूर लावून ठेवले. आम्हांला हे फार योग्य वाटते. बेचाळीस हजारांपैकी एकाचे तरी नाव, खरे म्हणा की लोकांनी दिलेले म्हणा, राहिले.

राहिलेल्या अवशेषांविषयी एक गोष्ट स्पष्ट लिहितो. आपल्या भागात जुन्या बांधकामाचा घडीव दगड आयता मिळतो म्हणून तो उचलून आणण्याची सवय आहे. विहिरीचा काठ, गोठ्याचा उंबरा, अंगणातली धुण्याची शिळा अशा ठिकाणी टाकीचे काम केलेले चिरे दिसतात, ते काही शेतात उगवलेले नाहीत. मागे गेले ते गेले. यापुढे रेल्वेहद्दीतील अथवा रानातील जुन्या कामाचा दगड कोणी आणू नये. तो सरकारी मालमत्ता आहे हे एक कारण, आणि तो जागच्या जागी असेल तरच त्याचा अर्थ लागतो हे दुसरे. देवळाच्या कामासाठीही एका दात्याने तसे चार दगड देऊ केले होते, ते समितीने नम्रपणे नाकारले याबद्दल समितीचे अभिनंदन केले पाहिजे. तसेच जुनी रेल्वेवाट पाहण्याच्या हौसेने तरुणांनी चालू रुळांवरून जाऊ नये. तो गुन्हा आहे, आणि घाटात पुढून येणारी गाडी वळणामुळे ऐकू येत नाही. गाडीच्या खिडकीतून पाहावे, खंडाळ्याकडे जाताना दरीच्या बाजूस बसावे. पावसाळा संपून गवत वाळले की जुन्या भिंती अधिक स्वच्छ दिसतात.

आपल्या गावातील व शेजारच्या वाड्यांतील अनेक घरांतून दोन-तीन पिढ्या माणसे रेल्वेत होती. गँगमन, खलाशी, पॉइंट्समन, पाणक्या. त्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत, देव्हाऱ्यामागे काही कागद असण्याचा संभव आहे. नोकरीचा दाखला, जी.आय.पी. अक्षरांचा पितळी बिल्ला, जुना कंदील, साहेबाने दिलेले सर्टिफिकेट, एखादा फोटो. ज्यांच्याकडे असे काही असेल त्यांनी ते रद्दीवाल्याला अथवा मोडीत देण्यापूर्वी एकदा देवळाच्या कचेरीत आणून दाखवावे. वस्तू कोणी ठेवून घेणार नाही. मोबाइलवर फोटो काढून, कोणाचे, कोणत्या घरचे, कोणत्या सालचे एवढे वहीत लिहून घेऊन ती त्याच दिवशी परत केली जाईल. वही आणली आहे. दर गुरुवारी आरतीनंतर प्रस्तुत लेखक कचेरीत बसतो.